बसलेला आवाज

माझ्या आत्याचं काम टायपिंगचं. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि टेबलाखाली त्याचा तो करडा डबा, ज्याला सगळेजण सीपीयू म्हणतात. त्या डब्यावर एक पाय टेकून आत्या बसायची. लोक हस्तलिखितं आणून द्यायचे. कुणाचा प्रबंध, कुणाच्या संस्थेचा अहवाल, निवृत्त माणसांच्या आठवणी, आणि कविता तर विचारूच नका. आत्या ते टाइप करायची, मग ते छापखान्यात जायचं.

टाइप करताना ती कागदाकडे बघत नसे. मानेचं दुखणं होतं. कागद ते पडदा, पडदा ते कागद अशी मान वळवायला डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणून वाचायचं काम आतोबांचं.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, कारखान्याच्या फाटकावर हजेरी घ्यायचे. पाळी बदलताना तिथे जो गलका होतो त्यात त्यांनी एकदा नाव पुकारलं की माणूस जिथे असेल तिथून हात वर करायचा. गल्लीत त्यांना 'रेडिओ' म्हणत. पलीकडच्या घरातली बाई तर म्हणायची, "तुमच्या ह्यांनी सकाळी चहा मागितला की आमचाही उकळतो."

कामावर जाण्याआधी आतोबा माइकसमोर बसून हस्तलिखिताची पंधरा-वीस पानं वाचून ठेवायचे. ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर राहायचं आणि दिवसभर आत्या हेडफोन लावून त्यावरून टाइप करायची. आतोबांच्या वाचनात एकही खूण सुटत नसे. "कंस सुरू. विशेष. वि पहिली वेलांटी, श शहामृगातला, मग पोटफोड्या. कंस पूर्ण. पूर्णविराम. नवा परिच्छेद." कुठलंही अक्षर त्यांना लागायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यासुद्धा लोक त्यांच्याकडे वाचून घ्यायला आणत. पान उलटताना ते स्वतःशी म्हणायचे, "पुढे." एकदा एका गृहस्थांच्या कवितासंग्रहात तेही टाइप झालं. कवितेच्या मधोमध, एका ओळीवर एकटंच: 'पुढे'. पुस्तक छापून आलं, कार्यक्रम झाला, आणि अध्यक्षांनी नेमक्या त्याच ओळीचं कौतुक केलं. म्हणाले, या एका शब्दात कवीचं सगळं आयुष्य आलं आहे. कवींनी मान खाली घालून ते स्वीकारलं. आत्या आणि आतोबा शेवटच्या रांगेत बसले होते. घरी येईपर्यंत त्यांनी हसू कसं दाबलं ते त्यांनाच ठाऊक.

त्या दोघांचा एक शिरस्ता होता. प्रकरण टाइप झालं, प्रूफ तपासून झालं, की संध्याकाळी आत्या विचारायची, "उडवू?"

"उडव," आतोबा म्हणायचे.

आणि आत्या ते रेकॉर्डिंग उडवून टाकायची. झालेल्या कामाचा पसारा ठेवायचा नाही, हे तिचं स्वयंपाकघरातलं तत्त्व तिने कॉम्प्युटरलाही लावलं होतं. वर्षानुवर्षं रोज सकाळी आतोबांचा आवाज त्या डब्यात जायचा आणि संध्याकाळी पुसला जायचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटण्यासारखं काही नव्हतंच. माणूस घरात होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचणार होता.

मग त्यांचा आवाज बसला. आवाज काय, कुणाचाही बसतो. गरम पाणी, गुळण्या, थंड काही खायचं नाही. फाटकावर बोलून बोलून बसला असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. त्या घोगऱ्या आवाजातच ते सकाळचं वाचन करत राहिले, मध्येच थांबून खाकरत, पाणी पीत. आवाज उठला नाही. उशिरा डॉक्टरकडे गेले, तिथून मोठ्या डॉक्टरकडे, आणि शेवटी स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला समोर एक भोक राहिलं. त्यावर ते पातळ जाळीचा रुमाल बांधतात. श्वास तिथूनच घेतात. जीव वाचला, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दवाखान्यातून आल्यावर ते लहान मुलांच्या पाटीवर लिहून बोलायला लागले. घाईत लिहिलं तरी रफार जागच्या जागी. भेटायला आलेल्या कुणी पाटीवरच उत्तर लिहिलं (लोक लिहायचे, त्यांना ऐकू येतं हे विसरून) तर आतोबा आधी त्याची वेलांटी सुधारायचे, मग उत्तर द्यायचे.

आत्याही विसरायची. तीही त्यांच्याशी खुणेने बोलायला लागली. जेवायला या, तर तोंडाकडे हात. औषध घेतलं का, तर तळहातावर बोट. मी एकदा म्हटलं, "अगं आत्या, त्यांना ऐकू येतं."

"हो की," ती म्हणाली. आणि पुन्हा तोंडाकडे हात नेऊन दाखवला.

घर एकदम शांत झालं. दुःखाचं शांत नव्हतं, बंद पडलेल्या फ्रिजचं असतं तसं. आत्या रडली नाही. मी वाट बघत होते, माझी आई वाट बघत होती. आई म्हणजे तिची वहिनी. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि एकमेकींशी पटतही नाही. आई म्हणायची, "एकदा मोकळी हो ग बाई." आत्या म्हणायची, "मोकळीच आहे. काम कुठे आहे?"

एकदा मात्र तिने कॉम्प्युटरवरचा तो फोल्डर उघडला. नाव होतं 'वाचन'. आत काही नव्हतं. शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरणसुद्धा दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी तिने विचारून उडवलं होतं. मग फोनमध्ये शोधलं. आतोबांना फोनवर बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची सवय नव्हती. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या व्हिडिओत मागून त्यांचा आवाज येतो: "पंखा बंद करा रे, मेणबत्ती विझतेय." तेवढाच. आत्याने तो एकदा ऐकला, फोन पालथा ठेवला आणि भेंडी चिरायला बसली. सगळे तुकडे एकसारखे.

"काहीच नाही का राहिलेलं?" मी विचारलं.

"मीच तर उडवलं," ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. किराणा संपला असं सांगावं तसं.

आता कामाचंही अडायला लागलं. मान वळवून, कागद बघून, एकटीने टाइप करायचं. त्यात कॉम्प्युटर म्हातारा. बटण दाबून आत्या चहा ठेवायला जायची. चहा होऊन, पिऊन, कप विसळून आली तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. टाइप केलेली अक्षरं मागे राहायची. ती ओळ संपवून थांबायची आणि मग अक्षरं एकेक करून येत, दम लागल्यासारखी. छापखानेवाला चांगला माणूस होता, पण तोही एकदा दारात उभा राहून बोलला, "बाई, तुमची शुद्ध कॉपी मला दुसरीकडे मिळत नाही. पण वेळेवरची अशुद्ध मिळते. मी काय करू सांगा?"

तो गेल्यावर म्हणाली, "नवीन घ्यावा का?"

आतोबांनी पाटीवर लिहिलं: 'आहे तोच सुधारून मिळतो. मेमरी वाढवायची. डिस्क बदलायची. फाटकावरचा केला होता.'

म्हणून आम्ही तिघं तो डबा जुन्या चादरीत बांधून बसने निघालो. मी मांडीवर घेतला होता. कंडक्टरने चादरीला बोट लावून बघितलं. "यात कोण आहे?"

"कॉम्प्युटर."

"मला वाटलं आजी. याचं काढू का तिकीट?"

आतोबांचे खांदे हलले. त्यांचं हसणं आता तेवढंच दिसतं. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

दुकान टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. भिंतीला उघडे पडलेले डबे रचलेले, मधल्या टेबलावर झाकण नसलेला एक स्पीकर, आणि दारापाशी बाक. दुकानदार जाड माणूस, चष्मा कपाळावर, तोंड सतत चालू. डबा उघडून त्याने जिन्यात नेला आणि ब्लोअरने हवा मारली. धुळीचा लोट खालच्या टायरवाल्यापर्यंत गेला आणि तिथून शिव्यांचा लोट वर आला.

"काकू, या डब्यात तुमचं आख्खं घर आहे हो," तो डबा आणत म्हणाला. "झाडू मारता की सगळं इकडेच लोटता?"

"तो पायाखाली असतो," आत्या म्हणाली.

"तरीच. बघा, सोपं आहे. मेमरी म्हणजे तुमचा ओटा. डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा एवढुसा असला की बाई कितीही चटपटीत असू दे, एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. तसं झालंय याचं." त्याने आतली एक हिरवी पट्टी उपटली, तिच्या सोनेरी कडेवर सवयीने खोडरबर घासलं, मग स्वतःशीच हसून ती बाजूला ठेवली. "ही जाणारच आहे, आणि मी तिला नटवतोय." त्या जागी त्याने दोन नव्या पट्ट्या बसवल्या. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर टक् असा आवाज झाला. "झाला ओटा. आता कोठी."

डिस्क त्याने बाहेर काढून वेगळ्या वायरीने स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली आणि तोंड बंद केलं. पहिल्यांदाच. डिस्कमधून बारीक टिकटिक येत होती.

"हे चांगलं नाही," तो म्हणाला. "ही जाणार. आज नाही तर उद्या. चांगलं केलंत आणलीत. यातलं सगळं नव्यात घेऊ. पण एवढं भरलंय काय? तुम्ही तर टायपिंग करता. अक्षरांना कुठे जागा लागते?"

आत्याने खांदे उडवले. तो माउस फिरवत राहिला. मग थांबला.

"काकू, कचरापेटी कधी रिकामी केली होती?"

"रोज करते. सकाळी गाडी येते."

"घरातली नाही हो. ही. कॉम्प्युटरची."

"तिला काय करायचं असतं?"

"तुम्ही फाइली उडवता ना, त्या इथे येऊन पडतात. इथून परत उडवल्या की मग जातात."

"दोनदा उडवायचं?"

"दोनदा."

"मला एकदाच ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

मी पडद्याकडे बघितलं. फाइलींची रांग खाली जात होती. तो माउसचं चाक फिरवत होता आणि रांग संपत नव्हती. 'अहवाल प्रकरण ३'. 'आठवणी ११'. 'सांडपाणी ६'. आतोबा बाकावरून अर्धवट उठले होते.

"सगळा आवाज दिसतोय. गाणी का?" असं म्हणत दुकानदाराने, कुणी काही बोलायच्या आत, त्यातल्या एकीवर दोनदा बोट दाबलं.

टेबलावरच्या उघड्या स्पीकरमधून आतोबा बोलले.

"प्रकरण सहावे. ठळक. सांडपाण्याचा निचरा. नि पहिली वेलांटी. खाली रेघ. शहराच्या, स्वल्पविराम, विशेषतः सखल भागाच्या... ष पोटफोड्या, पुढे विसर्ग..."

आवाज घोगरा, खरवडलेला. शेवटच्या महिन्यांतला. दारापाशी चार्जर घ्यायला आलेला एक माणूस हसला. "घसा धुवायला सांगा याला. गटारावरच बोलतोय, तिथेच धुवा म्हणावं."

आतोबांनी पाटी घेतली, लिहिलं आणि ती दुकानदारासमोर धरली. त्याने मोठ्याने वाचलं, "रिकामी करा." मग पाटीकडून रुमालाकडे, रुमालाकडून स्पीकरकडे त्याची नजर गेली. त्याने घाईने आवाज बंद केला.

"काकांचा?"

"हो," आत्या म्हणाली.

"मला काय माहीत हो..." तो म्हणाला. चार्जरवाला जिन्याने उतरून गेला होता. आतोबांनी पाटी बाकावर ठेवली आणि तेही खाली गेले. खिडकीतून मला दिसत होते. टायरच्या ढिगाशेजारी उभे, पाठमोरे, एका हाताने गळ्यावरचा रुमाल सारखा करत.

आत्या तिथेच होती. तिच्या चेहऱ्यावर मी काही शोधत होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. ती म्हणाली, "किती वेळ लागेल?"

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर आणला. आता तो जपून बोलत होता. "हे बघा काकू. नवी डिस्क वेगवान आहे, पण लहान. त्यात हे सगळं मावणार नाही. आणि ही जुनी किती तग धरेल सांगता येत नाही. मी थोडं थोडं करून घेणार. मध्येच गेली तर जे राहिलं ते राहिलं. म्हणून आधी काय घेऊ ते सांगा."

"काम आधी."

"नक्की?"

"लोकांचं आहे ते. आणि ते फॉन्ट घ्या सगळे. त्यांच्याशिवाय जुनं काही वाचता येत नाही."

त्याने काम घेतलं. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती, अडत होती, डिस्क टिकटिकत होती. आम्ही दोघी बाकावर बसून होतो, मध्ये पाटी. 'रिकामी करा' पुसलं नव्हतं. मी ती उलटी केली. आत्याने ती पुन्हा सुलटी केली आणि पदराच्या टोकाने कडेचा खडू पुसला, अक्षरांना धक्का न लावता.

काम सगळं आलं. दुकानदार खुर्ची वळवून म्हणाला, "आता कचरापेटी. काका तर रिकामी करा म्हणतात."

आत्या बाकावरच्या पाटीकडे बघत राहिली.

"काकू? वाट बघण्यासारखं नाही हो. ऐकताय ना तिचा आवाज?"

"घ्या," आत्या म्हणाली.

"सगळी नाही येणार."

"येतील तेवढी."

"मग पहिल्यापासून घेतो. तेव्हाचा काकांचा आवाज खणखणीत असणार."

"नको. शेवटून घ्या."

"शेवटचा फार बसलेला आहे हो."

"असू दे बसलेला," ती म्हणाली. "आम्ही बसूनच काम करायचो."

तो हसला. मग हसायचं होतं की नाही ते न कळून थांबला आणि पडद्याकडे वळला.

किती आल्या ते आम्ही मोजलं नाही. शेवटच्या पुस्तकाच्या आल्या, त्याच्या आधीच्या पुस्तकाच्या आल्या, तिसऱ्याच्या काही. मग टिकटिक एकदम मोठी झाली, आणि थांबली. दुकानदाराने वायर काढून घातली, पुन्हा काढून घातली. "गेली," तो म्हणाला. आधीची सगळी वर्षं तिच्यात राहिली. तो खणखणीत आवाज, तो अहवाल, त्या आठवणी, कवितांचा तो संग्रह. त्याने डिस्क एका कागदात गुंडाळून मला दिली. "घरी गेल्यावर आलेल्या फाइली एकेक उघडून तपासा काकू. काही अर्धवट आल्या असतील."

"तपासते," आत्या म्हणाली.

जिना उतरताना मी विचारलं, "शेवटून का?"

ती कठड्याला धरून उतरत होती. दोन पायऱ्या आणखी उतरली. मग म्हणाली, "तो खणखणीत सगळ्यांनी ऐकलाय. फाटकाने, गल्लीने. हा घराबाहेर पोचलाच नाही कधी."

खाली आतोबा उभे होते. तिने त्यांना खूण केली: चला. काय केलं ते त्यांनी विचारलं नाही. पाटी तिच्या पिशवीत होती.

कॉम्प्युटर इतका चपळ झाला की आत्याला तो झेपेना. पहिल्या दिवशी ती सवयीने बटण दाबून चहा ठेवायला गेली. चहा घेऊन आली तर पडदा काळा. तिने मला फोन केला. "बिघडवला ग त्याने."

"काय झालं?"

"सुरूच होत नाही."

मी म्हटलं, एखादी कळ दाबून बघ. तिने दाबली. तो कधीच सुरू होऊन, वाट बघून, झोपला होता.

"आता चहा कधी करायचा?" ती म्हणाली. मला हसू आलं. तिला आलं नाही. ती खरंच विचारत होती.

टाइप करताना बोट उचलायच्या आत अक्षर पडद्यावर यायला लागलं. छापखानेवाल्याने एक लहान काम दिलं, मग एक मोठं. आत्या कागद स्टँडला लावून, मान वळवून करत राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात दुकानदाराने ठेवलेला फोल्डर होता. त्यानेच नाव दिलं होतं, 'काका'. तो तिने उघडला नाही. आई एकदा तिथे गेली होती तेव्हा बोललीच, "उघडायचं नव्हतं तर आणलं कशाला? पाळायला?"

"तपासायचंय. वेळ नाही मिळाला."

"वेळ तर तुझा नवरा खातो, पाटीवर लिहून लिहून. त्याला विचार."

आतोबांनी पाटीवर लिहून आईला दाखवलं: 'वहिनी, माझ्याशीच बोला. मला ऐकू येतं.' आई गोरीमोरी झाली आणि चहा न घेता निघाली. पण उघडलं कुणीच नाही.

त्यानंतर एका दुपारी मी गेले. दार लोटलेलं होतं. आत्या हेडफोन लावून टाइप करत होती, पूर्वी करायची तशी, पाठ ताठ, मान सरळ, नजर खिडकीच्या गजांवर. बोटं पळत होती. स्टँडवर कागद नव्हता. आतोबा पलंगावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. मला वाटलं, कुणी नवं काम आणलं, कुणी तरी वाचून दिलं. मी मागे जाऊन पडद्यावर बघितलं.

शहराच्या, विशेषतः सखल भागाच्या बाबतीत.

ते पुस्तक कपाटात होतं. छापलेलं, बांधलेलं. तिनेच टाइप केलेलं. मी हेडफोनचा एक कान उचलला. "आत्या, हे तर छापून झालंय ना?"

"तपासतेय."

"मग टाइप कशाला करतेस?"

तिने खाली हातांकडे बघितलं. बोलत असताना बोटं थांबली नव्हती. "नुसतं ऐकता येत नाही ग," ती म्हणाली. "बसले आणि लागलीच झाली सुरू." चेहऱ्यावर काही नव्हतं. बोटं दुसऱ्याच कुणाची असावीत तसं ती सांगत होती. दुसरं पान भरत आलं होतं.

आतोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते उठून तिच्या खुर्चीमागे आले. पडद्यावरच्या ओळी त्यांनी वरपासून वाचल्या, सावकाश. काय आहे ते त्यांना दुसऱ्या ओळीलाच कळलं असणार. वाचत राहिले. मग हात पुढे करून एका शब्दावर बोट टेकवलं. आत्याने ते बघितलं, मागे जाऊन वेलांटी दीर्घ केली, पुन्हा पुढे आली. मग ते गुडघ्यावर बसले. हेडफोनची वायर हाताने चाचपत टेबलाखाली डब्यापर्यंत गेले. मला वाटलं, बंद करतात. त्यांनी हेडफोनची पिन उपटली.

पडद्याशेजारच्या स्पीकरमधून आवाज खोलीत आला. बसलेला, घोगरा, शब्दागणिक घसरणारा. "...पाण्याची पातळी, ण्याची च ला दुसरी वेलांटी, ळ ला दुसरी..." आतोबा जमिनीवर बसूनच ऐकत होते, एक हात गळ्यावरच्या रुमालावर. दुकानातून ते निघून गेले होते. आता गेले नाहीत. टेबलाला धरून उठले, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसून पडद्यावरच्या ओळीखाली बोट धरलं. आत्याने हेडफोन काढून ठेवला नाही. तो डोक्यावर तसाच राहिला, मुका.

वाचता वाचता आवाज अडला. खाकरणं. मग खोकला, मोठा, पेल्याचा आवाज, पुन्हा खोकला. आत्याची बोटं कळांच्या वर हवेत थांबली. आतोबांचं बोटही ओळीखाली थांबलं. दोघं वाट बघत होते.

"हा खोकला टाइप करू नकोस हं," आवाज म्हणाला.

"नाही करत," आत्या म्हणाली. मोठ्याने, हात न हलवता, आतोबांकडे वळून.